पहिली तुकडी

४ जानेवारी, शनिवार
मेहुण्याने जेवायला बोलावलं होतं. मरीनाजवळचं कुठलंसं मेक्सिकन, मेनूत सगळं समुद्रातलं. मंदार अबू धाबीच्या रीम आयलंडहून येणार, आम्ही बापलेक, मी आणि इरा, दुबईच्या कुसैसहून, म्हणून मधलं ठिकाण. मधलं कसलं, आम्हाला ट्रॅफिकमध्ये सव्वा तास. जागा इराने शोधली. भिंतीवर रंगीत कवट्या काढलेल्या, कवट्यांच्या डोक्यावर फुलं. बसल्यावर दिसल्या. तिघांनीही पाहिल्या, मग मेनू उघडले.

मंदारने हमूर माशाचे टाको मागवले. मी बीन्स आणि चीज घातलेली केसादिया, म्हणजे भरलेली पोळीच. वेटर नेपाळी. दोनदा विचारलं त्याने, "सर, नो फिश? दिस इज सीफूड रेस्टॉरंट, सर." म्हटलं, ठाऊक आहे बाबा, बाहेर पाटी वाचली.

मंदार माझ्या ताटाकडे बघत होता. डिसेंबरात फोनवर म्हणाला होता, "भाऊजी, एकदा ताईचा दुखवटा काढून टाकू, मग इराच्या शाळेचं बोलायचंय." कळतं मला. एप्रिलपासून इराने त्यांच्याकडे राहायचं, अकरावी अबू धाबीत करायची.
दुखवटा निघाला नाही. बीन्स खाऊन घरी आलो.

५ जानेवारी, रविवार
डोकं चालत नाही हल्ली, लिहून ठेवलेलं बरं.

आमच्यात माणूस गेलं की घरात मासे बंद. तेराव्याला गोडाचं होतं, पण मासे त्याने सुरू होत नाहीत. गेलेल्या बाईच्या माहेरचं कुणीतरी मासे घेऊन येतं आणि पहिली तुकडी आपल्या हाताने वाढतं. वाढणारं माणूस बाहेरच्या घरचंच लागतं. घरातल्याने वाढलेलं चालत नाही. ते खाल्लं की दुखवटा निघाला. मग पुढची बोलणी करायची. जमिनीची, लग्नाची, पोरांची. त्याआधी असलं काही काढणं वाईट दिसतं.

शुभा सप्टेंबरात गेली. डोक्यात रक्तस्राव. सकाळी चहा ठेवला होता तिने. इथून गावी, कुडाळला नेलं, तिथेच सगळं केलं. हे मात्र राहून गेलं, मंदारची फ्लाइट होती. "तिकडे गेल्यावर करू, भाऊजी."

मी असलं काही मानणारा नव्हे. शु.च्या दिवसांना भटजींशी हुज्जत घातलीय मी. पण हे आपल्या सोयीचं आहे. मी मासा खात नाही तोवर मं. शाळेचा विषय काढणार नाही. काढायची त्याची छाती नाही, त्याच रीतीभातीत वाढलाय तो.

८ जानेवारी, बुधवार
ऑफिस. एसीच्या डक्टिंगचं एक कोटेशन दोनदा चुकलं. मॅनेजरने स्वतःच दुरुस्त केलं. अजून सगळे मला सांभाळून घेतात, त्याचाही कंटाळा आला.

नजीरभाईंनी डबा उघडला, तळलेले बांगडे. समोरच्या टेबलावर बसतात, दापोलीचे. "सुर्वे, घ्या. घरातनं तुमच्यासाठी जास्तीचा घातलाय."
नको म्हटलं.
"अजून?"
"अजून."
डबा उचलून पँट्रीत गेले खायला. माझ्यासमोर खाल्लं नाही. चांगला माणूस.

बांगड्याचा वास आला, पण नुसताच आला. पूर्वी तोंडाला पाणी सुटायचं. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो ना, तसं सगळंच चाललंय. चावतो आहोत एवढं कळतं.

११ जानेवारी, शनिवार
आज बोलावणं नाही. मं. गावाला.

घरी आलो तर इरा खुबूसच्या रोटीला मेयोनीज लावून खात होती.
"भात टाकू?"
"आय ॲम ओके."
"अभ्यास?"
"डन."
"बरं."
माझी रोजची यायची वेळ आठ, कधी साइटवर गेलो तर नऊ. तोवर ती एकटी. मं.चं म्हणणं चुकीचं नाही. त्याची बायको पूर्वा दिवसभर घरी असते, त्यांना मूलबाळ नाही, इरावर जीव आहे दोघांचा. शाळा चालत जाण्याइतकी जवळ. कागदावर मांडलं तर मीच सही करीन. मग मला ते नको का आहे, आणि नको आहे का, हेही धड सांगता येत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. ऑफिसात कुणीतरी तिळगूळ वाटला. आमच्या टेबलापाशी आल्यावर थबकला, मग दिलाच. खिशात ठेवला. संध्याकाळी चाव्यांना चिकटला होता.

१८ जानेवारी, शनिवार
आज मेक्सिकन नंबर दोन. शारजात, अल मजाजला, खाडीच्या काठी. हेही इराचंच संशोधन. छोटंसं आहे. मालक लेबनीज, आतला कुक मल्याळी, गाणी स्पॅनिश. पूर्वा पण आली होती. ती पुण्याची, मासे खात नाही, तिच्या स्वयंपाकघरात आणूही देत नाही. मं. म्हणूनच इतका हॉटेलांच्या मागे. लग्नाआधी दोन वर्षं टेक्सासला होता, तिथे हे खाणं लागलं त्याला.

पूर्वा ग्वाकामोले, ती अव्होकाडोची चटणी, खात बसली. मी मशरूमचे टाको. मं.ने आपल्या ताटातला कोलंबीचा टाको उचलला आणि माझ्या ताटाकडे आणला. मी हात आडवा धरला.
"ॲलर्जी झालीय."
"कोलंबीची? तुम्हाला?"
"हो."
"भाऊजी, तुम्ही आमच्याकडे पहिल्यांदा आलात तेव्हा कोलंबीचं पातेलं पुसून खाल्लं होतंत. आई अजून सांगते सगळ्यांना."
"आता झाली."
पूर्वा दुसरीकडे बघून हसली. मं.ने टाको परत आपल्या ताटात ठेवला. इरा फोनमध्ये होती. तिच्या ताटात कोलंब्या होत्या, तिने खाल्ल्या. पोरांना नियम नसतो.

२३ जानेवारी, गुरुवार
शु.च्या बहिणीचा गावाहून फोन. काय जेवता, कोण करतं. म्हटलं, करतो मीच. इराचं काय ठरलं, म्हणाली. काय ठरायचंय? "नाही, मंदा म्हणत होता..." आणि मग आवाज येत नाही म्हणून तिने फोन ठेवला. चांगला येत होता आवाज.

२५ जानेवारी, शनिवार
पुन्हा मरीना, कवट्यांवालं. मं.ने सेविचे मागवलं. कच्चा मासा लिंबाच्या रसात मुरवलेला, वर कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची. बशीकडे पाहिलं तर आपली काकडीची कोशिंबीर. मी वेटरला म्हटलं, कुकको बोलो, थोडा पकाके लाओ. सवयीने बोलून गेलो. वेटर मं.कडे बघायला लागला. इरा टेबलावर डोकं ठेवून हसली. कपाळ टेबलाला टेकवून हसली, कान लाल झाले.

सप्टेंबरानंतर तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. बरं वाटायला हवं होतं. नोंद करून ठेवतो की इरा हसली.

"भाऊजी, लिंबात शिजलेलंच असतं ते," मं. म्हणाला.
"लिंबात शिजत नाही. लिंबात नासत नाही फार तर."
पंच्याऐंशी दिरहम. म्हणजे दोन हजार रुपये. कच्च्या माशाला. कुडाळच्या बाजारात एवढ्यात अख्खी सुरमई आली असती आणि कोळणीने कापूनही दिली असती.
मी केसादिया.

१ फेब्रुवारी, शनिवार
आज आम्ही अबू धाबीला. मं.चं घर एकतिसाव्या मजल्यावर, खाली पाणी, पाण्यावर बोटी. पूर्वाने थालीपीठ केलं होतं, छान होतं म्हणे. इराने तीन खाल्ली.

मधली खोली गेस्ट रूम होती. आता तिथे अभ्यासाचं टेबल आहे, नवं, वरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. भिंत फिकट हिरवी. इराला तो रंग आवडतो. पूर्वा म्हणाली, "अहो, ही खोली ना, संध्याकाळी फार छान वाटते." मी म्हटलं, हो.

बाल्कनीत अंधार होता. इरा गेली आणि पडद्यामागे हात घालून दिवा लावला. बटण कुठे आहे ते तिने शोधलं नाही, तिला माहीत होतं.
कधी येते ही इथे? गुरुवारी मैत्रिणीकडे अभ्यासाला म्हणून जाते, तेव्हा? विचारायचं होतं. परत येताना गाडीत दीड तास होता विचारायला. रेडिओ लावला.

रात्रीचं जेवण तिथलंच, बोटींच्या धक्क्यावरचं तिसरं मेक्सिकन. ह्या देशात मेक्सिकन माणूस एक दिसला नाही आजवर, हॉटेलं मात्र गल्लोगल्ली. मशरूम संपले होते. मी चिप्स खाल्ले.

५ फेब्रुवारी, बुधवार
नजीरभाईंना सांगितलं. शाळेचं, माशांचं, सगळं. का सांगितलं कोण जाणे, त्यांनी विचारलंही नव्हतं.
ते बराच वेळ स्टेपलरशी खेळत बसले. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही मासा खाल्ला नाही तर पोरगी राहील?"
"विषय निघणार नाही."
"विषय निघणार नाही. बरं. पोरीला विचारलंत?"
"काय?"
"तिला काय हवं ते."
"नाही."
"का नाही?"
म्हटलं, दहावीची परीक्षा आहे, ती होऊ दे. "होऊ दे, इन्शाल्ला," म्हणाले. त्यांच्या तोंडी इन्शाल्लाचे दोन अर्थ असतात, होईल आणि होणार नाही. हा दुसरा होता.

८ फेब्रुवारी, शनिवार
आज माझा वाढदिवस. विसरलो होतो असं नाही, लक्षात घ्यायचं कारण नव्हतं. मं.ने मजाजच्या हॉटेलात आधी सांगून ठेवलेलं. आम्ही जेवत असताना दिवे मंद झाले. तीन वेटर टाळ्या वाजवत आले. एकाच्या हातात आइस्क्रीम, त्यात फुलबाजी. दुसऱ्याने माझ्या डोक्यावर ती त्यांची हॅट ठेवली. सोनेरी झालर, परातीएवढी. हॅपी बर्थडे झालं, मग तेच स्पॅनिशमध्ये. शेजारच्या टेबलावरच्या अरब कुटुंबानेही टाळ्या वाजवल्या. त्यांची छोटी मुलगी "हबीबी" म्हणत माझ्याकडे हात करत होती.

मं.चा चेहरा उतरला. त्याच्या ध्यानात आलं की काय केलं आपण. वर्ष झालेलं नाही आणि ह्याने मला हॅट घातली. "भाऊजी, सॉरी, त्यांना मी फक्त केक..."
"असू दे."
राग आला नाही. हसूही आलं नाही. हॅट काढ असं कुणी म्हणालं नाही म्हणून काढली नाही. हॅट घालून केसादिया खाल्ली. इराने फोटो काढला, मग लगेच फोन उलटा ठेवला.

बिल द्यायच्या वेळी मं. म्हणाला, "थोडी तरी चव घ्या हो, आज तरी." हमूर होता बशीत, काट्याला लावलेला तुकडा त्याने पुढे केला.
"ॲसिडिटी."
"बरं."

९ फेब्रुवारी, रविवार
इराच्या परीक्षेपर्यंत जेवणं बंद, असा मं.चा मेसेज. बरं झालं. दीड महिना मिळाला.
कशासाठी मिळाला ते मात्र सुचलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार
पहिले पेपर सुरू. सकाळी सेंटरवर सोडलं. दहीसाखर द्यायची असते हे गाडी पार्किंगमधून काढल्यावर आठवलं. घरात दही नव्हतंच. रस्त्यात पंपावरच्या दुकानातून लबान, म्हणजे ताक, घेतलं आणि साखरेची पुडी. तिने बाटलीत साखर ओतली, हलवली, प्यायली. "इट काउंट्स," म्हणाली.
"आई असती तर मला झापलं असतं," मी म्हटलं.
"येस."
सप्टेंबरानंतर घरात 'आई' हा शब्द पहिल्यांदा निघाला, तो गाडीत. दोघंही समोर बघत होतो.

३ मार्च, सोमवार
रमजान सुरू झाला. ऑफिस दुपारीच सुटायला लागलं. तीन वाजता घरी. ह्या वेळी आपलं घर कसं दिसतं हे मला माहीतच नव्हतं. ऊन थेट ओट्यापर्यंत येतं.

इरा हॉलमध्ये गणितं करत होती. मी आलो तर दचकली. "यू ॲट होम?" म्हटलं, महिनाभर. तिने वह्या आवरून टेबलाची अर्धी बाजू मोकळी केली. मी तिथे बसलो. संत्री सोलून ठेवत गेलो, ती न बघता खात गेली. पण ती उठून खोलीत गेली नाही.

६ मार्च, गुरुवार
आज त्रिकोणमिती. मला येते ती. ह्या घरात माझा काहीतरी उपयोग आहे.
मधेच म्हणाली, "बाबा, आईने सेविचे खाल्लं असतं?"
"नाही. कच्चं म्हणून बशी लांब सरकवली असती."
"अँड देन?"
"मग तुझ्या ताटातलं खाल्लं असतं. थोडं थोडं करून सगळं."
हसली. मग म्हणाली, "शी वुड से मीठ कमी आहे."
ते अगदी खरं. मी उठून गॅसपाशी गेलो, उगाच.
तिला अबू धाबीचं आत्ता विचारायला हवं होतं. शब्द ओठांवर होते. विचारलं ते असं की, चहा घेशील?

१८ मार्च, मंगळवार
शेवटचा पेपर झाला. सेंटरबाहेर मुलं शर्टांवर सह्या करत होती. इराच्या शर्टाच्या पाठीवर कुणीतरी लिहिलं होतं, "मिस यू, अबू धाबी गर्ल." घरी आल्यावर तिने शर्ट मशीनमध्ये टाकला. मी मशीन लावलं. पर्मनंट मार्कर आहे, जायचा नाही.

म्हणजे वर्गात माहीत आहे. शु.च्या बहिणीला माहीत. मं., पूर्वा, शाळा. मी मासा खात नाही म्हणून विषय थांबला होता खरा, पण फक्त माझ्यापुरता. बाकी सगळीकडे बोलून झालं. मला वाटत होतं मी दार अडवून उभा आहे. लोक शेजारच्या दाराने कधीच येऊन जाऊन होते.
राग यायला हवा. वाट बघतोय.

२२ मार्च, शनिवार
पेपर संपल्याचं जेवण. मजाजचंच ते छोटं. दुपारी रमजानमुळे गर्दी नव्हती, काचेला पडदे. आम्ही चौघं आणि कोपऱ्यात एक फिलिपिनो जोडपं.

मं.ने मेनू उघडलाच नाही. सेविचे, हमूरचं. वेटरने मध्ये आणून ठेवलं. मं.ने चमचा घेतला आणि सरळ बोलला, आजवर बोलला नव्हता तसं. "भाऊजी, आज माझ्या हातून घ्या. मी विमान पकडायला पळालो तेव्हा. ताईचं माझ्याकडून राहिलंय हो. मला झोप लागत नाही." त्याचा आवाज फाटला. एवढा उंच पुरुष. मला वाटत होतं त्याला शाळेचं बोलायची घाई आहे. असेलही. पण हेही होतं, ते मला दिसलं नव्हतं. दिसावं इतकं मी बघतच नव्हतो कुणाकडे.

तरी मी म्हटलं, "ॲसिडिटी आहे रे."
त्याने चमचा खाली ठेवला. पूर्वाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

इराने तो चमचा उचलला. "मामा, मी वाढते."
मं. म्हणाला, "अगं, तसं चालत नाही. घरातल्याने वाढायचं नसतं. बाहेरचं माणूस लागतं."
"आय नो द रूल. मावशीने सांगितलंय."
"मग?"
"आफ्टर एप्रिल मी बाबांच्या घरात नाही ना. सो आय ॲम बाहेरची. आय कॅन सर्व्ह."

तिने मोठ्यातली मोठी तुकडी शोधली, वरचा कांदा बाजूला केला, कारण मी कच्चा कांदा खात नाही, आणि माझ्या ताटात ठेवली. कुणाकडेच बघितलं नाही तिने. सोळाव्या वर्षी.

पूर्वा म्हणाली, "इरू, असं नाही गं बोलायचं."

मी खाल्ली. नाही म्हणायला तोंडच उरलं नव्हतं. आंबट, गार, मग तिखट, मग मासा. हमूरचीच चव, ओळखली. इतक्या महिन्यांनी काही लागलं जिभेला. आणि मी दोन्ही हातांनी टेबल धरलं. सप्टेंबरात, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, विमानतळावर तिची पेटी खाली ठेवताना, कुठेही असं काही धरावं लागलं नव्हतं. कच्चा मासा तोंडात असताना लागलं. शुभा गेलीय. आणि ही चाललीय.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं. दुसरं काही बोलता आलं नाही.
इरा उठून बेसिनकडे गेली, बराच वेळ आली नाही.

दुखवटा निघाला. आता मं.ने शाळेचं काढायला हरकत नव्हती. काढलं नाही त्याने. सगळे खाली बघून जेवलो.

२३ मार्च, रविवार
दिवसभर पडून. रडलो. लिहायला लाज वाटते पण लिहितो, उशी ओली होईपर्यंत रडलो. इरा दारातून दोनदा बघून गेली. दुसऱ्यांदा पाणी ठेवून गेली.

२५ मार्च, मंगळवार
लवकर घरी आलो. येताना मासळी बाजारात थांबलो, बांगडे घेतले. साफ करायला दिले, कापणाऱ्याने विचारलं फ्राय का करी, म्हटलं दोन्ही. हातांना वास. गाडीतही.

तिखट-मीठ लावत असताना ती ओट्यापाशी येऊन उभी राहिली. ह्या वेळी काही दुसरं विचारायच्या आत बोललो. तिच्याकडे न बघता बोललो, बांगड्यांकडे बघून.
"इरा, जाऊ नकोस."
तिने मिठाची बरणी बंद केली.
"मी आठला येतो, स्वयंपाक धड येत नाही, सगळं खरं आहे. मामाकडे तुझं चांगलं होईल. तरी मला तू इथे हवीयेस. जाऊ नकोस."
"यू शुड हॅव सेड इट इन जॅन्युअरी, बाबा."
"हो."
"आय वेटेड. ती सगळी हॉटेलं मी का शोधली? मला वाटायचं बाहेर गेलो तर तू बोलशील. एव्हरी सॅटर्डे आय थॉट, टुडे बाबा विल से समथिंग." मग म्हणाली, "यू ओन्ली सेड केसादिया."

तिला हसू आलं आणि ते अर्ध्यात मोडलं. मला वाटलेलं ती मं.च्या बाजूने बसते. ती माझ्या समोर बसत होती, मी काय म्हणतो ते ऐकायला.
"आता सांगतोय ना," मी म्हटलं.
"आता मी मामीला हो म्हटलंय. तिने भिंत रंगवली, बाबा. शी वॉज सो हॅपी."
"मग?"
"मग काय. आय डोन्ट नो." चिडून म्हणाली. खूप चिडून. बरं वाटलं मला ते, चिडली म्हणून.

बांगडे दोघांनी खाल्ले. मीठ जास्त झालं होतं. ती तीन खाऊन गेली.

आत्ता तिच्या खोलीत दिवा आहे. पलंगावर बॅग उघडी, निम्मी भरलेली. ती पुढ्यात कपडे घेऊन बसलीय. भरतेय की बाहेर काढतेय, ते हॉलमधून कळत नाही. हे एवढं लिहून ठेवतो आणि जाऊन विचारतो.